जेवणाऱ्यांना मोजू नये

मद्रासहून अर्थशास्त्राची पदवी घेऊन मी घरी परतलो तेव्हा साऱ्या जगात मंदी होती. ती का आली हे मला तोंडपाठ होतं, आणि तिच्यामुळे नोकरी न मिळालेला आमच्या घरात मी एकटाच होतो. आई आल्यागेल्याला सांगायची, "पोराला अस्कं कळतं, फक्त काम कोठ मिळेल तेवढं कळत नाही." आमच्या तंजावरी मराठीत अस्कं म्हणजे सगळं. मला राग यायचा. राग हा माझा जुना सोबती आहे. तेव्हा तो तरुण होता इतकंच.

अप्पा, म्हणजे माझे वडील, एका छत्राचे कारभारी होते. नागपट्टणमहून तंजावूरला येणाऱ्या रस्त्यावर हे छत्र होतं. वाटसरूला सकाळ-संध्याकाळ फुकट जेवण आणि पाठ टेकायला जागा देण्यासाठी तंजावूरच्या मराठी राजघराण्यातल्या एका बाईंनी ते बांधलं होतं आणि खर्चाला भातशेती लावून दिली होती. पुढे राज्य इंग्रजांनी खालसा केलं. बाईंची शेती मात्र छत्राकडेच राहिली आणि तिच्यावर देखरेख करायला तंजावुरात एक मंडळ नेमलं गेलं. अप्पा म्हणायचे, "राज्य गेलं, पंगत र्‍हायली." हे ते दुःखाने म्हणत की अभिमानाने, ते मला कधी नीट कळलं नाही.

छत्राला दोन सोपे होते. आतल्यात ब्राह्मण बसत, बाहेरच्या लांब पडवीत बाकीचे. ही वाटणी अन्नाच्या कुठल्या धर्मात बसत होती ते मला आजही उमगलेलं नाही. पण भात एकाच चुलीवरचा होता आणि पानं एकाच बागेतली.

मंडळाला दर चैत्रात पुढच्या वर्षाचा अंदाज पाठवावा लागे. भात किती येईल, भाव काय मिळेल, जेवणारे किती असतील आणि हे सगळं पुरेल का. अप्पा इतकी वर्षं मागच्या वर्षाचाच अंदाज थोडा इकडेतिकडे करून पाठवत आले होते आणि तो बरोबरही ठरत होता. पण आता मागचं वर्ष पुढच्या वर्षाला काही सांगेनासं झालं होतं. त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "तूं शिकलास ते हेंच ना? मग कर."

मी ते काम फार मोठं करून घेतलं. रिकाम्या माणसाला काम मिळालं की त्याच्या हातून दुसरं होत नाही. मी अप्पांना समजावलं की आपलं छत्र हे एक छोटंसं राष्ट्र आहे. ते भात बाहेर विकतं, डाळ, तेल, मिरची, सरपण बाहेरून आणतं, आणि सरकारला सारा भरतं. त्याची प्रजा रोज बदलते, एवढंच काय ते वेगळं. अप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"राजा कोण मग?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही," मी म्हणालो.

"बरं. राजाच्या कोठाराची किल्ली सकाळपासून सांपडत नाही. तेवढी पाहा."

भावाचा अंदाज मी बरोबर केला. ही फुशारकी नाही. तो दिसतच होता, फक्त बघायला नागपट्टणमच्या धक्क्यावर जावं लागत होतं. मी गेलो. तिथे रंगूनच्या बोटीतून तांदूळ उतरत होता, पोत्यावर पोती. ब्रह्मदेशाचा तांदूळ इतरांनी घ्यायचा थांबवला म्हणून तो मिळेल त्या किमतीला आमच्याकडे येत होता. त्याच धक्क्यावर पिनांगच्या बोटीतून माणसं उतरत होती. मलायात रबराला कुणी विचारेना, तेव्हा मळेवाल्यांनी आमच्या मुलखातले मजूर घरी पाठवून द्यायला सुरुवात केली होती. त्यांच्या हातात पत्र्याच्या पेट्या होत्या आणि पायांत काही नव्हतं. एका बोटीने आमच्या भाताचा भाव पाडला, दुसरीने आमच्या दारात भुकेले आणले. मी तिथे उभा राहून दोन्ही बोटी पाहिल्या. ज्या गोष्टी मी मद्रासला आलेखात शिकलो होतो त्या ताडपत्रीखाली उकिडव्या बसलेल्या पाहून मला पहिल्यांदा भीती वाटली.

घरी येऊन मी अप्पांना सांगितलं, भाव एवढ्यात चढणार नाही. सारा रोख भरायचा आणि तो काही कमी होत नाही. म्हणजे तेवढ्याच रकमेसाठी कोठारातून जास्त भात विकावं लागेल आणि चुलीसाठी कमी उरेल. आता सगळं जेवणारे किती येतात यावर होतं.

आणि जेवणारे किती, हे मोजायची छत्राची स्वतःची रीत होती.

आमच्यात जेवणाऱ्याला मोजत नाहीत. घास घेणाऱ्याकडे टक लावून पाहू नये, पंगतीत डोकी मोजू नयेत; मोजलं की अन्नाला दृष्ट लागते आणि मोजणाऱ्याच्या घरातलं अन्न आटतं. हे सगळ्या घरांत होतं, पण छत्रात तो कायदाच होता. बाईंनी तसं घालून दिलं होतं म्हणतात. तरी हिशेब तर लागणार. म्हणून माणसं न मोजता पानं मोजायची. पंगत उठली, उष्टी पानं मागच्या अंगणात गायींपुढे टाकली जाऊ लागली की अप्पा तिथे उभे राहत आणि पानागणिक एक चिंचोका मडक्यात टाकत. त्यांच्या आधीच्या कारभाऱ्याने हेच केलं होतं, त्याच्या आधीच्यानेही. एक पान म्हणजे एक माणूस. यात चुकण्यासारखं काय आहे असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं.

त्या वर्षी पानं कमी होत होती. रस्त्याने माणसं वाढलेली दिसत, पण मडकी हलकी भरत. मी माझ्या विद्येने त्याचं कारण शोधून काढलं. परतलेली माणसं आपापल्या गावांत रुजली असणार, वाटसरू म्हणून छत्रात थांबायची गरज कमी झाली असणार. मी छान इंग्रजीत मंडळाला लिहिलं की भाव पडलेलाच राहील, पण जेवणारे घटत आहेत, त्यामुळे दोन्ही वेळची पंगत निभावून जाईल. वाचून अप्पांना बरं वाटलं. मलाही बरं वाटलं. आपण एका छोट्या राष्ट्राला धीर दिला असं वाटलं.

मंडळाचं उत्तर थोडक्यात होतं. भाव पडलेला आहे आणि जेवणारेही घटत आहेत, तर सांजेच्या पंगतीची गरज उरलेली नाही. आषाढापासून ती बंद करावी.

अप्पांनी ते वाचलं, घडी घातली आणि कमरेला खोचलं. सांजेची पंगत हा त्यांचा जीव होता. सकाळी जेवायला कोणीही येतो, ते म्हणत, पण दिवे लागताना जो येतो त्याच्याकडे दुसरं काहीच नसतं. चालून चालून पाय सुजलेला, लेकरं कडेला घेतलेला, पुढचं गाव गाठू न शकलेला माणूस सांजेला येतो. त्याला पाणी पाजून पुढे कसं पाठवायचं?

त्या संध्याकाळीही त्यांनी नेहमीसारखी हाळी दिली. पंगत संपली, चुलीवर झाकण पडायच्या आधी कारभाऱ्याने कंदील घेऊन रस्त्यावर जायचं आणि तीनदा विचारायचं, ही रीत होती. आधी तमिळमध्ये, "यारावदु साप्पिडणुमा?" मग आपल्या भाषेत, "कोणी जेवाच र्‍हायलेत का?" म्हणजे, कोणी जेवायचं राहिलंय का. त्या रस्त्यावर मराठी कळणारं बहुतेक कोणी नसे. पण बाईंची भाषा ती होती, म्हणून तीही हाक द्यायची. अंधारातून कोणी आलं तर झाकण पुन्हा निघे. कोणी आलं नाही तरच अप्पा छत्रामागच्या आमच्या घरी येत आणि जेवायला बसत. छत्राचं शेवटचं पान त्यांचं.

मला मात्र एक गोष्ट टोचत होती. पानं घटली असतील तर भात उरायला हवा होता. तो उरत नव्हता. हंडे खरवडलेले असत. अप्पांना विचारलं तर म्हणाले, "उपाशी माणूस चार घास जास्ती खातो. तुझ्या पुस्तकांत नाही कां?" शितावरून भाताची परीक्षा करतात म्हणतात, मी शीतही पाहिलं नव्हतं, पान पाहून परीक्षा केली होती. पंगतीकडे टक लावून पाहता येत नव्हतं, तेव्हा एकच सभ्य मार्ग उरला. दुसऱ्या दिवशी सांजेला मी बाहेरच्या पडवीत जाऊन जेवायला बसलो. वाढणारे गोंधळले. एकजण म्हणाला, "तुम्ही आंत बसाच." मी म्हणालो, "आज इथे बरं वाटतंय."

माझ्या शेजारी एक बाई होती, मळ्यावरून आलेली. तिच्या दोन बाजूंना दोन मुलं. समोर पान एकच. वाढणाऱ्याने भात घातला की ती आधी एकाला भरवी, मग दुसरीला, मग पानाच्या कडेचं स्वतः खाई. वाढपी पुढे गेला की ती हलक्या आवाजात त्याला परत बोलवी. पान लहान होतं, तिघांना पुरायला तीन-तीनदा वाढावं लागत होतं.

मी तमिळमध्ये विचारलं, "मुलांना पानं मागितली नाहीस?"

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मी कोण आहे याचा ती अंदाज घेत होती, आणि तिचा अंदाज माझ्यापेक्षा चांगला असावा.

"मळ्यावर तांदूळ नावावर मिळायचा," ती म्हणाली. "काम करणाऱ्याच्या नावावर. मुलांना नाही. शेवटी शेवटी ज्यांची तोंडं जास्त, त्यांना आधी बोटीवर चढवलं. इथेही कोणीतरी पानं मोजतं. मागे उभं राहून मोजतात, मी पाहिलंय."

"मग?"

"मग जास्त पानं झाली की म्हणतील, बास, आता दुसरीकडे जा. एक पान असलं तर राहू देतील."

मी मान वर केली आणि जे करू नये ते केलं. पंगतीकडे पाहिलं. पडवीभर तेच होतं. म्हातारा आणि म्हातारी एका पानावर. तीन भाऊ एका पानावर, आळीपाळीने हात घालत. कोणी कोणाला शिकवलं नव्हतं. ते सगळे तिकडूनच शिकून आले होते. आम्ही माणसं मोजायची नाहीत म्हणून पानं मोजत होतो, आणि आमच्या मोजण्याला भिऊन माणसं पानाखाली लपत होती. पान टाकून उठणं त्या पडवीत शोभलं नसतं, म्हणून मी रडत रडत सगळं संपवलं.

अप्पांना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातलं मडकं खाली ठेवलं. "मला भ्याले ते," एवढंच म्हणाले.

पहिला उपाय त्यांनी सरळ केला. मांडीवरच्या मुलालाही वेगळं पान द्यायचं, असं वाढणाऱ्यांना बजावलं. पण भीती सांगून जात नाही. लोक पान घेत, हळूच घडी करून मांडीखाली सारत आणि पुन्हा एकावरच जेवत. त्या बाईने तर दोन पानं हात जोडून परत दिली. पानांचा हिशेब आता कायमचा खोटा झाला होता.

मी मंडळाला नवं लिहून पाठवलं, की आधीचा अंदाज चुकला, जेवणारे घटलेले नाहीत, वाढले आहेत. त्यावर मंडळाचे अधिकारी स्वतः आले. ते तमिळ गृहस्थ होते, सडपातळ, कुणाचं वाईट चिंतणारे नव्हेत. पण मंदीत त्यांच्याकडे अशी कितीतरी छत्रं होती आणि प्रत्येकाचा कारभारी हेच म्हणत होता. ते मला म्हणाले, "चैत्रात घटले, आता पंगत जायची वेळ आली तेव्हा वाढले. तुम्ही माझ्या जागी असता तर काय समजला असता?" मी त्यांच्या जागी असतो तर तेच समजलो असतो.

मग ते अप्पांकडे वळले. "तुम्ही खोटं बोलणार नाही हे मला ठाऊक आहे. सांजेच्या पंगतीत माणसं किती, ते तुम्ही स्वतः डोकी मोजून सांगा. मी ते मानीन. आषाढ तोंडावर आला आहे."

अधिकाऱ्यांना आमची रीत माहीत नव्हती, आणि अप्पांनी सांगितली नाही. फक्त "बरं," म्हणाले.

मी त्यांना मागे ओढून नेलं. "मी मोजतो. मी असल्या गोष्टी मानत नाही. मला काही होत नाही."

"तूं मानत नाहीस, म्हणून तुझं मोजणं फुकटचं," ते म्हणाले. "आणि त्यांनी मज सांगितलं अहे."

"मग पडवीच्या बाहेर उभं राहून, लांबून मोजा."

"लपून मोजलं तर आणखी वाईट."

त्या सांजेला भात वाढून झाला, लोकांनी हात घातला, आणि अप्पा मडकं घेऊन पडवीत शिरले. उपरणं त्यांनी कमरेला बांधलं होतं, देवळात बांधतात तसं. ते एकेका माणसासमोर थांबत, त्याच्या डोक्याकडे पाहत, चिंचोका टाकत आणि पुढे जात. पडवीत बोलणं बंद झालं. मडक्यात चिंचोका पडल्याचा आवाज तेवढा येत होता. लोकांचे हात भातात थांबले. त्या बाईने एका हाताने पदर मुलीच्या डोक्यावरून ओढून धरला. अप्पा तिच्यासमोर थांबले आणि तमिळमध्ये म्हणाले, "जेव, बाई. कोणाला घालवायला मोजत नाही. राहावं म्हणून मोजतोय." तिने हात काढला नाही. अप्पांनी तिच्यासाठी एक टाकला, मुलासाठी एक, आणि पदराखालच्या मुलीसाठी एक.

शेवटपर्यंत जाऊन त्यांनी मडकं अधिकाऱ्यांच्या हातात दिलं. ते जड होतं. अधिकाऱ्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि आत पाहिलं. पंगत बंद करायचा हुकूम मागे घेतल्याचं त्यांनी तिथेच सांगितलं. छत्राला मंडळाच्या दुसऱ्या शेतीतून थोडं भात मिळेल अशीही व्यवस्था पुढे त्यांनी केली. भला माणूस होता.

मी आनंदाने घरी धावलो. आईने पानं मांडली होती. अप्पा हाळी देऊन आले, पाय धुतले, आणि पाटावर न बसता खांबाला टेकून उभे राहिले.

"मी जेवणाऱ्यांस मोजलों," ते आईला म्हणाले. "आतां मज सांजेचं नक्को."

"आजचं?" आईने विचारलं.

"पुढेंही."

मी वाद घातला. दिवसच्या दिवस घातला. ही अंधश्रद्धा आहे, तुम्ही पाप नाही पुण्य केलं, बाई असत्या तर त्यांनीही मोजलं असतं. ते ऐकून घेत आणि म्हणत, "असेल." मी चिडून एकदा म्हणालो की तुमच्या उपाशी राहण्याने जगाचा भाव चढत नाही. ते हसले. "भाव नाही रे. पण बाहेर इतके जेवणारे मोजले, तर एक जेवणारा तरी घरांतून वजा करावा." त्यांना शिक्षा नको होती, हिशेब पुरा करायचा होता. मी तेवढा अर्थशास्त्री होतो की मला तो हिशेब कळला, आणि कळला म्हणून मला तो सहन झाला नाही.

ती बाई काही आठवड्यांनी ओरत्तनाडूच्या बाजूला, तिच्या भावाच्या गावी गेली. भाताचा भाव पुढे हळूहळू सावरला. मला नोकरी लागली, लांब, आणि मी मोठ्या मोठ्या मुलखांचे अंदाज करत राहिलो. त्यांतले काही बरोबर आले. सुट्टीत घरी आलो की सांजेला पाहायचो. अप्पा वाळत चालले होते. अंगात बळ नव्हतं तरी कंदील घेऊन रस्त्यावर जात, दोन्ही भाषांत तीनदा हाक देत, कोणी आलं तर त्याला बसवून वाढून येत. आई त्यांचं पान रोज मांडे आणि रोज उचलून ठेवी. ती त्यांच्याशी वाद घालत नसे. ते तिने सगळं माझ्यावर सोडलं होतं.

एका सुट्टीत मी ओसरीवर बसलो होतो. हाळी देऊन झाली, चुलीवर झाकण पडल्याचा आवाज आला, आणि अप्पा अंगणातून येताना दिसले. आई उंबऱ्यात उभी होती. तिच्या हातात पान होतं. ते पायरीशी पोचले तेव्हा तिने, एरवी घरात ती कधीच बोलत नसे अशा सुरात, त्यांचीच हाक त्यांना दिली.

"कोणी जेवाच र्‍हायलेत का?"

अप्पा थांबले. त्यांनी कंदील खाली ठेवला आणि तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बसतील.

"नाही," ते म्हणाले. "अस्के जेवले."